यंत्र हातात घेण्याआधी: रणभूमी, गुप्तधन आणि आपला इतिहास

काही दिवसांपूर्वी आमच्या इंदिरानगरातली तीन पोरं घरी आली. हातात नवं कोरं खोकं, खोक्यात मेटल डिटेक्टर. वर्गणी काढून मागवलेला. बेत असा की, येत्या 1 जानेवारीला भीमा कोरेगावला मानवंदना झाली की आजूबाजूच्या शेतात फिरायचं. बंदुकीच्या गोळ्या, गणवेशाची बटणं, जे सापडेल ते गोळा करायचं. एक जण म्हणाला, "सर, एक जरी गोळी सापडली ना, तरी त्यांची तोंडं कायमची बंद होतील."

मी त्यांना नको म्हणालो. का म्हणालो, ते इथे सविस्तर मांडतो, कारण हा विचार त्या तिघांच्याच डोक्यात आलेला नसणार.

आधी त्यांची तळमळ समजून घेऊ. दरवर्षी आपल्याकडे पुरावा मागितला जातो. ज्यांच्या पोथ्यांना कुणी पुरावा विचारत नाही, तेच आपल्याला विचारतात, "तुमचे पूर्वज लढले कशावरून?" तेव्हा पोरांना वाटतं, जमिनीतूनच उत्तर काढून दाखवावं. पण जमिनीतली गोळी या प्रश्नाचं उत्तर देते का?

1 जानेवारी 1818 ला कोरेगावात कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पलटणीचे सुमारे 500 शिपाई, काही घोडेस्वार आणि दोन तोफांसह मद्रासचे गोलंदाज होते. समोर दुसऱ्या बाजीरावाची कितीतरी मोठी फौज. दोन्हीकडून गोळ्या सुटल्या. शेतात सापडलेली शिशाची गोळी फार तर एवढंच सांगेल की इथे बंदूक चालली. ती कुणी चालवली, त्याचं नाव काय, गावात त्याला कुठल्या वेशीबाहेर राहावं लागत होतं, हे ती सांगू शकत नाही. गोळीला जात नसते.

ते सांगतो तो स्तंभ. 1821 मध्ये त्याची पायाभरणी झाली. त्यावर कंपनीच्या मृत सैनिकांची नावं कोरली आहेत आणि त्यातली 22 नावं 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महारांची आहेत. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथे गेले, ते या नावांना अभिवादन करायला. त्याच दगडावर इतर समाजांच्या शिपायांचीही नावं आहेत. ती लपवून "फक्त आपणच लढलो" म्हणणारा कार्यकर्ता विरोधकाच्या हातात आयतं कोलीत देतो. आहे तेवढं सत्य आपल्याला पुरेसं आहे.

आता दुसरा मुद्दा. वस्तू जमिनीत कुठे होती, किती खोल होती, शेजारी काय होतं, ही माहिती म्हणजेच खरा पुरावा. वस्तू उपटून खिशात घातली की पुरावा मेला, हातात राहिलं भंगार.

दाखला आपल्याच जिल्ह्यातला आहे. 1906 मध्ये जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. 13,000 हून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचं राज्य कुणी घेतलं हे त्यातून पक्कं झालं. इंदिरानगरातून दिसणाऱ्या त्रिरश्मी डोंगरावरच्या बौद्ध लेण्यांतले शिलालेख आणि ही नाणी एकमेकांची साक्ष देतात. तीच नाणी पाच-पाच, दहा-दहा करून सराफाच्या भट्टीत गेली असती, तर?

आणि पुरावा नेहमी आपल्या सोयीचं बोलेल असंही नाही. त्याच लेण्यांत, भिक्षुसंघाला दिलेल्या दानाच्या लेखात, गौतमीपुत्राच्या आईने आपल्या मुलाची स्तुती करताना त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला असंही लिहवून घेतलं आहे. तेही आपल्याला वाचावं लागतं. बुद्धाच्या मार्गावर चालणाऱ्याने पुराव्याला घाबरायचं नसतं.

मग यंत्रच वाईट का? नाही. अमेरिकेत 1876 मध्ये लिटल बिगहॉर्नला लकोटा, शायान या आदिवासींनी कस्टरच्या घोडदळाचा पराभव केला. गोऱ्यांनी मात्र शेवटच्या माणसापर्यंत शौर्याने लढलेल्या कस्टरची कथा रचली. लढाई पाहिलेल्या आदिवासींचं म्हणणं शंभर वर्षं दंतकथा म्हणून बाजूला ठेवलं गेलं. 1983 मध्ये तिथलं गवत जळालं आणि पुढच्या वर्षापासून पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांसह मेटल डिटेक्टर घेऊन रणभूमी पिंजून काढली. सापडलेल्या प्रत्येक गोळीची, प्रत्येक काडतुसाची जागा नकाशावर नोंदली. काडतुसांवरच्या खुणांवरून कुठली बंदूक कुठून कुठे सरकली, ते कळलं. आदिवासींकडे आधुनिक बंदुका मोठ्या संख्येने होत्या हे दिसलं आणि त्यांच्या तोंडी आठवणींना जमिनीनेच दुजोरा दिला. यंत्र तेच. फरक पद्धतीचा.

कायदाही समजून घ्या. 1878 च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं. लपवली तर तुरुंगवास होऊ शकतो. संरक्षित स्मारकाच्या जागेत परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा. शेत कुणाच्या तरी मालकीचं असतं, ते वेगळंच. आणि देवळालीसारख्या तोफखान्याच्या सराव-क्षेत्राजवळ तर जाऊच नका. न फुटलेला गोळा यंत्राला गंजक्या पत्र्यासारखाच वाटतो. खटला भरला गेला तर पहिलं नाव कुणाचं येईल, हेही आपल्याला सांगायला नको.

आणखी एक. आज "जुन्या लढाईच्या वस्तू" म्हणून निघालेला माणूस उद्या "हंडा मिळाला तर" म्हणायला लागतो. गुप्तधनाच्या नादाने या महाराष्ट्रात नरबळी गेलेत. म्हणूनच 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला. भगताच्या जागी बॅटरीवर चालणारं यंत्र आलं, म्हणून हाव विज्ञाननिष्ठ होत नाही.

मग करायचं काय? आपलं गुप्तधन शेतात नाही, घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. ब्रिटिश काळातल्या युद्धपदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळालं, मजूर तुकड्यांतल्यांना काशाचं. म्हणजे त्या धातूतही दर्जा वाचता येतो. 1917 मध्ये उभी राहिलेली 111 महार पलटण 1921 मध्ये मोडली गेली. तिच्या शिपायांची नावं अशाच कडांवर असणार. पण किती आज्यांनी दुष्काळात, लग्नात, आजारपणात ती चांदी सोनाराकडे मोडली असेल? दोष त्यांचा नाही, पोटाचा आहे. आता उरलेलं मोडू देणं मात्र आपला दोष ठरेल.

लष्करभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये सरकारदरबारी दाद मागितली, ती पूर्वजांच्या नोकरीचा दाखला देऊन. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे या अर्जांची परंपरा आहे. आपली लढाई नावांनी, कागदांनी लढली गेली.

म्हणून त्या तिघांना मी काम दिलं आहे. घरोघरी जा. पदक, पेन्शनचा कागद, डिस्चार्ज सर्टिफिकेट, गणवेशातला फोटो, जे असेल त्याचे दोन्ही बाजूंनी आणि कडेचे फोटो काढा. वस्तू घरच्यांकडेच राहू द्या. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं तारीख, गाव, नावासह नोंदवा. आणि पुरातत्त्व खात्याकडे रीतसर मागणी करू: कोरेगावच्या रणभूमीचं शास्त्रीय सर्वेक्षण करा, त्यात आमच्या विद्यार्थ्यांना सामील करून घ्या.

तेव्हा ते यंत्र बाहेर काढू. तोवर खोकं माझ्या कपाटावर आहे.

जय भीम!