सर आर्थर कॉनन डॉइल : रहस्यकथा आणि न्याय

रहस्यकथा म्हणजे फावल्या वेळचे वाचन. आगगाडीत हाती घ्यावे आणि मुक्काम आला की बाकावर ठेवून उतरावे, अशी आपणांपैकी पुष्कळांची समजूत असते. खुद्द शेरलॉक होम्सच्या जनकाचे मतही याहून फारसे निराळे नव्हते. आपले नाव ऐतिहासिक कादंबऱ्यांमुळे राहावे, अशी कॉनन डॉइल यांची इच्छा होती. होम्स त्या कामाच्या आड येतो असे वाटून १८९३ मध्ये त्यांनी त्याला स्वित्झर्लंडमधील एका धबधब्यात लोटूनही दिले. परंतु ज्या होम्सला ते गौण मानीत, त्याच होम्सची दृष्टी घेऊन त्यांनी प्रत्यक्ष जगात दोन निरपराध माणसांसाठी झुंज दिली. त्यांपैकी एक मुंबईहून इंग्लंडला गेलेल्या एका पारशी गृहस्थाचा मुलगा होता. आज मुख्यतः त्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

डॉइल यांचा जन्म १८५९ मध्ये एडिंबरा येथे झाला. वडील व्यसनाधीन, घरची ओढाताण. तशातच ते वैद्यक शिकले. तेथे त्यांना जोसेफ बेल हे गुरू लाभले. रोगी तोंड उघडण्यापूर्वीच त्याचे हात, चाल, कपडे पाहून त्याचा धंदा ओळखण्यात बेल यांचा हातखंडा होता. पुढे साउथसी येथे दवाखाना थाटल्यावर रोग्यांची वाट पाहण्यातला वेळ डॉइल लेखनात घालवू लागले. होम्सची पहिली कादंबरी १८८७ मध्ये छापली गेली. तिचे सर्व हक्क त्यांनी अवघ्या २५ पौंडांना विकले होते. १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सच्या लघुकथा येऊ लागल्या आणि दवाखाना सुटला. धबधब्यात पडलेल्या होम्सलाही वाचकांच्या आग्रहामुळे परतावे लागले. एकूण ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा एवढा हा संसार आहे.

आता त्या पारशी कुटुंबाकडे वळू. शापुरजी एदलजी हे मुंबईचे. ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते इंग्लंडला गेले आणि १८७६ मध्ये स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वायर्ली या खेड्याचे पाद्री झाले. पत्नी इंग्रज. थोरला मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅमला सॉलिसिटर झाला. रेल्वेच्या कायद्यावर त्याने सामान्य प्रवाशासाठी एक पुस्तकही लिहिले. काळ्या माणसाने गोऱ्यांना धर्मोपदेश करावा, हे गावातील काहींना रुचण्यासारखे नव्हते. या घराला वर्षानुवर्षे निनावी पत्रांचा उपद्रव झाला, आणि पोलीसप्रमुख कॅप्टन अ‍ॅन्सन यांनी संशय घेतला तो जॉर्जवरच.

१९०३ साली त्या भागात कोणी अज्ञात मनुष्य रात्री-बेरात्री शेतांतील जनावरांची पोटे चिरू लागला. ऑगस्टमध्ये खाणीवरचे एक तट्टू असे सापडले आणि जॉर्जला पकडण्यात आले. मुलगा रात्रभर आपल्याच खोलीत झोपला होता, दाराला कुलूप होते, अशी वडिलांनी शपथेवर साक्ष दिली. तो अटकेत असताना आणखी जनावरे मारली गेली. तरीही त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली आणि त्याची वकिलीही गेली. दहा हजार लोकांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. तीन वर्षांनंतर, १९०६ मध्ये, काही कारण न देता त्याला सोडण्यात आले. तो सुटला, पण निर्दोष ठरला नाही.

त्याने आपली कैफियत डॉइल यांच्याकडे धाडली. नुकताच पत्नीवियोग झालेल्या डॉइल यांचे कशातच मन लागत नव्हते. १९०७ च्या आरंभी लंडनच्या एका हॉटेलात भेट ठरली. डॉइल उशिरा पोहोचले, तो जॉर्ज वर्तमानपत्र वाचीत बसलेला. कागद अगदी डोळ्यांशी आणि तोही तिरपा धरलेला! नेत्रवैद्यक शिकलेल्या डॉइल यांना तेवढे पुरे झाले. ज्याला चार हातांवरचा माणूस नीट ओळखता येत नाही, तो पावसाळी काळोख्या रात्री कुंपणे आणि रेल्वेचे रूळ ओलांडून, पहारा चुकवून जनावर कसा गाठणार?

मात्र ते तेवढ्यावर थांबले नाहीत. ते गावी गेले, ते रान पाहिले. जॉर्जच्या बुटांवरचा चिखल काळा, तर त्या शेतातली माती पिवळसर, हे त्यांनी दाखवून दिले. कोटावर तट्टाचे केस सापडले म्हणावे, तर तो कोट आणि तट्टाच्या कातड्याचा तुकडा एकत्रच डॉक्टरांकडे पाठविले गेले असावेत, हा त्यांचा आक्षेप होता. ‘डेली टेलिग्राफ’मध्ये त्यांनी हे सारे मांडले आणि कोणालाही ते पुन्हा छापता यावे म्हणून आपले हक्क सोडून दिले.

सरकारने तिघांची समिती नेमली. त्यांतले एक अ‍ॅन्सन यांचेच नातलग निघाले. मे १९०७ मध्ये निकाल लागला : गुन्ह्याबद्दल पूर्ण माफी, परंतु निनावी पत्रे यानेच लिहिली, सबब संकट स्वतःच ओढवून घेतले, म्हणून भरपाई नाही. डॉइल संतापले. मात्र जॉर्जला वकिलीची सनद परत मिळाली. त्याच वर्षी डॉइल यांचे दुसरे लग्न झाले, तेव्हा स्वागतसमारंभाला तो आवर्जून बोलावलेला पाहुणा होता.

या प्रकरणाचे खरे फळ याहून मोठे आहे. तोवर इंग्लंडात, वस्तुस्थितीच्या मुद्द्यावर चुकून दोषी ठरलेल्यास वरच्या न्यायालयाचे दार नव्हते. गृहमंत्र्यांच्या दयेवर विसंबावे लागे. अ‍ॅडॉल्फ बेक नावाच्या माणसाला दुसराच कोणी समजून दोनदा दोषी ठरविण्यात आले होते. त्यात एदलजी प्रकरणाची भर पडली आणि १९०७ मध्ये फौजदारी अपील न्यायालयाचा कायदा झाला. दयेची जागा हक्काने घेतली!

दुसरे प्रकरण ग्लासगोचे. ऑस्कर स्लेटर हा जर्मन ज्यू, जुगारावर जगणारा. डॉइल यांना तो मनुष्य म्हणून आवडतही नव्हता. १९०९ मध्ये एका वृद्धेच्या खुनाबद्दल त्याला फाशीची शिक्षा झाली आणि ती ऐन वेळी जन्मठेपेवर आली. डॉइल यांनी १९१२ मध्ये त्याच्यासाठी पुस्तिका लिहिली. तो सुटला १९२७ मध्ये आणि शिक्षा रद्द झाली ती १९२८ मध्ये. पुढे खर्चाच्या पैशांवरून दोघांचे बिनसलेही. परंतु न्याय केवळ आवडत्या माणसासाठी मागावयाचा नसतो.

डॉइल चुकलेच नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. एदलजी प्रकरणात त्यांनी दुसऱ्याच एका इसमावर बोट ठेवले. ते कधीच सिद्ध झाले नाही. उतारवयात मृतात्म्यांशी संभाषण होते, मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे खरी आहेत, असेही ते मानू लागले. १९३० मध्ये ते वारले, ते या श्रद्धेतच.

यातूनच एक गोष्ट उमगते. होम्स चुकत नाही, कारण गुन्हेगार कोण हे त्याच्या लेखकाला आधीच ठाऊक असते. पोलीस, न्यायाधीश, किंबहुना स्वतः कॉनन डॉइल यांनाही ती सोय नव्हती. म्हणून अचूक गुप्तहेर शोधीत बसण्यापेक्षा, झालेली चूक कबूल करून दुरुस्त करणारी संस्था समाजाने उभारावी, हेच शहाणपणाचे. तशी एक संस्था उभी राहण्यात एका रहस्यकथाकाराचा आणि एका मुंबईकर पारशाच्या मुलाचा वाटा आहे, हे होम्सची पुढची कथा वाचताना आपण अवश्य आठवावे.