भोंग्यानंतरची तालीम

सातारा-सांगली-कोल्हापूरकडचा गडी लालबाग-परळच्या गिरणीत लागला, की खानावळीपाठोपाठ तालीम शोधायचा. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्यांना घाम गाळायला दुसरी जागा कुठली? तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवून कुस्तीचा हौदा तयार होई. आधी जोर-बैठका, मग फावड्याने हौदा उकरायचा, तोही व्यायामच. ढाक, धोबीपछाड, कलाजंग हे सगळे डाव वस्ताद म्हणेल तेव्हा. आधी दम कमवावा लागे.

या ताकदीला गिऱ्हाईकंही होती. गिरणी कामगारांचा इतिहास लिहिणारे राजनारायण चंदावरकर दाखवतात, की वस्तीतले दादा आखाड्यांतूनच आपली पोरं जमवत. संपात हे बळ कधी कामगारांच्या, कधी मालकांच्या बाजूने उतरे.

दादरचा बाज निराळा. शिवाजी पार्कला १९२५ मध्ये श्री समर्थ व्यायाम मंदिर सुरू झालं. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब इथे रुजला. एरंडेल चोळलेल्या लाकडावर पकड सुटू न देणं, हे मल्लाच्या उपयोगाचंच कसब.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि खुराकाचा पैसाच आटला. लालबागचे हौदे ओस पडत गेले. मल्लखांब मात्र तगला. पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये शिवाजी पार्कवरच भरली, आणि समर्थचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.