मुखभावांचे साम्य आणि त्यांचे कूळ

मनुष्य व मनुष्येतर प्राणी यांच्या मुखभावांत दिसणारे साम्य हा समान पूर्वजांचा वारसा मानावा काय, या प्रश्नाचा इतिहास हा मुख्यतः प्रमाणपद्धतीचा इतिहास आहे. काही मुखस्नायू केवळ भावाविष्कारासाठीच मनुष्यास लाभले आहेत, असे मत चार्ल्स बेल याने मांडले होते. त्याचा या विषयावरील ग्रंथ १८०६ साली निघाला. डार्विनने १८७२ च्या आपल्या ग्रंथात हे मत नाकारले. भयाने अंगावर उभा राहणारा काटा आणि संतापात उघडे पडणारे दात यांची उपपत्ती पूर्वजांच्या पशुतुल्य अवस्थेवाचून लागत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते.

मनुष्यजातीत हे भाव सर्वत्र एकच आहेत काय, हे पडताळण्यासाठी त्याने १८६७ साली सोळा प्रश्नांची यादी देशोदेशी पाठविली. छत्तीस निरीक्षकांची उत्तरे आली. त्यांपैकी मुंबई इलाख्यातील अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) एच. अर्स्किन यांना निश्चित निष्कर्ष काढणे कठीण गेले. कारण युरोपियनांसमोर तेथील लोक आपले मनोविकार झाकून ठेवीत. निष्फळ वाटणारे हे उत्तरच आज अधिक बोधप्रद वाटते. मुखभाव कोणासमोर व्यक्त होतो, हे वगळून त्याचा अर्थ लावता येत नाही.

ही उणीव पुढे प्राणिवर्तनाच्या अभ्यासाने भरून काढली. व्हान होफ याने १९७२ साली वानरवर्गातील मुखभावांची तुलना करताना आकाराबरोबर प्रसंगही विचारात घेतला. खेळातील सैल, उघड्या तोंडाचा भाव त्याने हास्याशी जोडला, आणि दात दाखविण्याचा निःशब्द भाव स्मिताशी. हा दुसरा भाव अनेक माकडांत नमते घेण्याचा असतो. २००७ साली चिंपँझीच्या मुखस्नायूंच्या हालचालींची मानवी पद्धतीशी जुळणारी सूची सिद्ध झाली, तेव्हा तुलनेला शारीरिक अधिष्ठानही लाभले.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही वाट परिचित आहे. ग्रीक 'थेओस' व लॅटिन 'देउस' या देववाचक शब्दांत साम्य आहे, नाते नाही. उलट संस्कृत 'मृग' व पक्षिवाचक फारसी 'मुर्ग' यांचे मूळ एक, अर्थ मात्र दुरावलेले. स्मिताचेही असेच म्हणता येईल: आकार वारशाने आला, अर्थ वाटेत पालटला. म्हणून माकडाने दात दाखविले की ते हसले, असे समजणे ही चूक. आणि ते हसत नाही म्हणून आपले त्याच्याशी नाते नाही, असे म्हणणे ही तितकीच मोठी दुसरी चूक होय.