जात्यावर बसलं की

"ऊठ गं पोरी, दळायचंय न्हवं?"

सासूच्या हाकेने तुमचे डोळे उघडतात. साल 1930. मुळशी खोऱ्यातलं डोंगराकडेचं एक गाव. मार्गशीर्षातली थंडी सारवलेल्या भुईतून टाचांत शिरते. कोंबडा अजून आरवायचाय. तुम्ही या घरातली धाकटी सून, लग्न होऊन दुसरं वर्ष. पुरुषमाणसं घोंगडी ओढून झोपलेली. सासू रॉकेलची चिमणी लावते. खाली दरीत धरणाचं पाणी पसरलंय. ते होऊ नये म्हणून 1921 मध्ये इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्यांच्यासाठी तुरुंगात गेले. धरण झालंच. त्या पाण्यावरची वीज मुंबईला जाते आणि तुमच्या घरात ही चिमणी जळते.

सासू जात्याशी बसते. एक पाय लांब सोडलेला, दुसरा दुमडलेला. तुम्ही समोर बसता. लाकडी खुंट्यावर तिची मूठ, तिच्यावर तुमची. पहिले चार फेरे जिवावर येतात. खांदे भरून येतात, दगड जागचा हलायला तयार नसतो. मग सुपातली मूठभर नाचणी जात्याच्या तोंडात पडते, घरघर सुरू होते, कडेने पीठ झरू लागतं. एकदा फेरा धरला की दगड हलका होतो. त्या फेऱ्यावर सासू गळा लावते.

पहिली ओवी देवाची. मग आईबापाची, भावाची, पंढरीची. ओवी दोनच ओळींची असते. पहिली ओळ ती दोनदा घोळवते, मध्ये 'गं बाई' घालते, आणि तेवढ्या अवधीत दुसरी ओळ जुळते, यमक सापडतं. ओळ सरते तिथे श्वास सरतो आणि हात पुढच्या वैरणीसाठी सुपाकडे जातो. ती दम खायला थांबली की ओवी तुम्ही उचलायची. कोणी शिकवलेलं नसतं, तरी तुम्ही उचलता. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचली होती. आज ती तुमच्या तळहाताला कळते.

तुमच्या पोटात काय आहे ते दिवसा बोलायची या घरात सोय नाही. पंचमीला भाऊ न्यायला आला नाही. दिवाळीलाही आला नाही. त्याला कोणी आवतण धाडलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. सासूच्या तोंडावर ते कसं बोलणार? तुम्ही सीतेची ओवी काढता. पोटुशी सीता, तिला वनात धाडणारं सासर, वाटेकडे लागलेले तिचे डोळे. सासूच्या मुठीतला जोर जरासा ढिला पडतो. तिला कळलंय. दोन फेरे नुसतेच जातात. मग तीही सीतेचीच ओवी म्हणते, पण निराळी, तिच्या माहेरची, तिच्या आईच्या तोंडची. ती बाईसुद्धा कधीतरी दुसऱ्या कुणाच्या जात्यावर धाकटी होती. सबंध दिवसात तुम्हा दोघींत झालेलं खरं बोलणं एवढंच, आणि ते गाण्यातच होऊ शकत होतं.

आता खुंटा सोडू नका. फेरा उलटा मोजा.

साल 1290. प्रवरेकाठचं नेवासं. नाचणीच्या जागी ज्वारी आली, चिमणीच्या जागी तेलाचा दिवा. दगड तोच, घरघर तीच. दळण आटोपून तुम्ही देवळाकडे निघता. तिथे एक कोवळा तरुण गीता सांगतोय आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेतायत. गीता म्हणजे संस्कृत, तुमच्यासाठी बंद दार. मागे खांबाआडून ऐकावं म्हणून तुम्ही थबकता, आणि अंगावर काटा येतो. चरणाला चरण, तीन यमकं, चौथा तोकडा चरण, तिथे श्वास. घडण वेगळी, पण ठेका ओळखीचा आहे. पहाटे तुमच्या हातांनी तोच धरला होता. ज्ञानदेवांना संस्कृतातली भारदस्त वृत्तं हाताशी होती. नऊ हजार ओव्यांच्या घरात जाणारा ग्रंथ त्यांनी याच छंदात बांधला, कारण ज्या लोकांपर्यंत पोचायचं होतं त्यांच्या तोंडी ओवी आधीपासून होती. तिकडे पंढरपुरात नामदेवांच्या घरची दासी जनाबाई दळता दळता अभंग रचते. तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसतो, असं लोक सांगतील, आणि शतकानुशतकं पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचं जातं दाखवतील. देव भेटायला येतो तो दळणाच्या वेळी, हे त्या बायकांना पटलं यात नवल नाही. तोच एक वेळ त्यांचा स्वतःचा होता.

आणखी मागे चला. साल 1129 च्या सुमाराचं. चालुक्यांची राजधानी कल्याणी. राजा सोमेश्वर तिसरा 'मानसोल्लास' नावाचा अफाट संस्कृत ग्रंथ सिद्ध करतोय. हत्ती, घोडे, रत्नं, पक्वान्नं, खेळ, गाणं, सगळं त्यात आहे. गाण्यांच्या वर्णनात तो नोंद करतो की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. त्या वेळी तुम्ही दूर कुठल्याशा गावात उखळापाशी उभ्या आहात. हातात मुसळ, समोर भात. मुसळ वर जाताना श्वास आत, खाली येताना सूर बाहेर. तुमचं नाव राजाला ठाऊक नाही, आणि राजाने तुमची दखल घेतली हे तुम्हाला कधी कळणार नाही. मराठीतले मोठे ग्रंथ अजून लिहिले जायचेत. ओवी मात्र गावोगाव नांदतेय.

आता झपाट्याने पुढे. पेशवाई येते आणि जाते, रेल्वे येते. खानदेशात आसोद्याला 1880 मध्ये जन्मलेली बहिणाबाई अक्षर न शिकता गाणी रचते आणि घरचे कोणी ऐकून लिहून ठेवतात. साने गुरुजी घरोघरच्या ओव्या वेचून 'स्त्री जीवन'मध्ये मांडतात. मग एके दिवशी गावात तेलावरचं इंजिन येतं. पिठाची गिरणी. डबा डोक्यावर घेऊन तुम्ही रांगेत उभ्या राहता, आणि घरी येऊन पहाटे पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपता. हातावरचे घट्टे महिन्याभरात मऊ पडतात. या सुखाला कोणी नावं ठेवू नयेत. ज्याने कधी चार माणसांचं दळलं नाही, त्याने जात्यासाठी गहिवरू नये.

तरी एक गोष्ट होते. ओवी म्हणायला जागाच उरत नाही.

विसाव्या शतकाची शेवटची वर्षं. तुम्ही आता म्हाताऱ्या. जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या कामातली माणसं तुमच्या अंगणात आलीत, टेपरेकॉर्डर घेऊन. ओवी म्हणा, म्हणतात. तुम्ही चटईवर बसता, आणि एकही ओळ आठवत नाही. सून अडगळीतलं जातं ओढून आणते. शेजारीण समोर बसते. खुंट्याला हात लागतो, दोन फेरे होतात, आणि ओव्या एकीमागून एक येऊ लागतात: आईची, भावाची, सवतीची, दारुड्या नवऱ्याची, सीतेची. शेजारच्या वस्तीतली बाई बाबासाहेबांच्या ओव्या म्हणते. ज्या समाजाला देवळाचं दार बंद होतं, त्याने पहिली ओवी आपल्या बापाला वाहिली, त्याच चालीत. अशा 1 लाखाहून अधिक ओव्या त्या कामातून गोळा झाल्या, गाणारीच्या आणि गावाच्या नावासकट. नऊशे वर्षांत पहिल्यांदा एवढ्या बायकांची नावं लिहिली गेली.

परत आलात. कानात इअरफोन आहे, फोनमध्ये हवं ते गाणं आहे. या साऱ्या प्रवासात एक वाक्य तुम्हाला कुठेही ऐकू आलं नाही: मला गाता येत नाही. उखळापाशी, नेवाशात, मुळशीत, कोणाचाही आवाज कोणी तपासला नाही. श्वास आहे, काम आहे, मनात सल आहे, म्हणजे गाणं आहेच, असं ते साधं गणित होतं. गाणं हे गुणी लोकांचं आणि आपण फक्त ऐकायचं, ही वाटणी फार अलीकडची. ती आपण मुकाट्याने मान्य केली.

मराठी कवितेचा इतिहास सांगताना सुरुवात ग्रंथांपासून करतात. ती त्या बायकांपासून करायला हवी. आणि त्यांचं देणं फेडायचं तर जातं घरात आणायची गरज नाही. घरात कोणी आजी, आत्या, मावशी उरली असेल तर तिच्याजवळ बसा, तिला आठवतात त्या ओव्या तिच्या नावानिशी लिहून घ्या. मग भांडी घासताना, लेकराला थोपटताना, तुमची म्हणून एक ओळ तुम्ही स्वतः गा, आवाज बरा असो वा नसो.