संमतीची भाषा : टेनोफोव्हिर चाचण्यांचा खंडित इतिहास

गरीब देशांतील एचआयव्ही-संशोधनापुढील अडथळ्यांची चर्चा बहुधा निधी, प्रयोगशाळा आणि मनुष्यबळ यांच्या अभावापाशी थांबते. २००४-०५ मध्ये कंबोडिया व कॅमेरून येथे बंद पडलेल्या टेनोफोव्हिरच्या चाचण्या मात्र निराळ्याच अडथळ्याकडे लक्ष वेधतात. बाधा नसलेल्या व्यक्तीने हे औषध रोज घेतल्यास संसर्ग टळतो काय, हे त्यांतून तपासावयाचे होते. जेथे नवे संसर्ग अधिक, तेथेच हा प्रश्न विचारता येतो. आणि उपचारांची सोयही बहुधा तेथेच तोकडी असते. संघर्षाचे मूळ या विसंगतीत आहे.

नॉम पेन्ह येथील चाचणीत ९६० देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा सहभाग अपेक्षित होता. चाचणी संपल्यानंतर दुष्परिणाम उद्भवल्यास जबाबदारी कोणाची, असा प्रश्न त्यांच्या संघटनेने उपस्थित केला आणि दीर्घ मुदतीच्या विम्याची मागणी केली. जुलै २००४ मधील बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत या वादाचे पडसाद उमटले. ऑगस्टमध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी चाचणी थांबविली.

कॅमेरूनमधील दुआला येथे वाद थेट भाषेपाशी पोहोचला. फ्रेंच जाणणाऱ्या स्त्रियांना माहिती मुख्यतः इंग्रजीत दिली गेली, असा आक्षेप कार्यकर्त्यांनी घेतला. फेब्रुवारी २००५ मध्ये सरकारने चाचणी स्थगित केली. नायजेरियातील केंद्रही त्याच वर्षी बंद झाले. घानासह तिन्ही देशांतील ९३६ स्त्रियांमध्ये संसर्गाच्या अवघ्या आठ घटना आढळल्या : औषध घेणाऱ्या गटात दोन, प्लासिबो घेणाऱ्या गटात सहा. एवढ्या अल्प संख्येवरून परिणामकारकतेचा निष्कर्ष काढणे शक्य नव्हते. स्त्रियांसाठी मोलाचा असलेला प्रश्न तेव्हा अनुत्तरितच राहिला.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने संमतीपत्र ही एक अनुवादित संहिता होय. ‘प्लासिबो’ची संकल्पना लक्ष्यभाषेत रुजलेली नसेल, तर केवळ लिप्यंतराने अर्थ पोहोचत नाही, स्वाक्षरी होते, पण संमती घडत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २००० च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही सहभागी व्यक्तीस समजणाऱ्या भाषेचा आग्रह धरला होता. कॅमेरूनमधील चाचणी स्थगित झाली त्याच महिन्यात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत भारतातील पहिली एचआयव्ही-लसचाचणी सुरू झाली, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

नॉम पेन्हच्या स्त्रियांचा विरोध अज्ञानमूलक ठरविणे सोपे आहे. वस्तुतः त्या संहितेच्या चिकित्सक वाचक होत्या. २००७ मध्ये लोकसहभागाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यामागे हा अनुभव होता. २०१२ मध्ये टेनोफोव्हिरयुक्त गोळीला अमेरिकेत प्रतिबंधक वापरासाठी मान्यता मिळाली. औषधाविषयीची अपेक्षा खरी ठरली. पण म्हणून त्या स्त्रियांचे प्रश्न चुकीचे ठरत नाहीत.