दाढ, गळा आणि कुर्तुबाचा हकीम

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा दाढदुखीने मरता मरता वाचले. दाढदुखीने कुणी मरतं का, असं तोवर मलाही वाटायचं. खालची किडलेली दाढ त्यांनी दोन वर्षं लवंगतेलावर आणि मेडिकलमधल्या गोळ्यांवर रेटली. मग एका रात्री जबड्याखाली सूज आली. सकाळी हनुवटीपासून गळ्यापर्यंतचा भाग लाकडासारखा घट्ट झाला होता. जीभ वर उचलली गेली होती, थुंकी गिळवत नव्हती, आडवं झालं की श्वास अडकत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी गळ्याला छेद देऊन श्वासासाठी नळी बसवली. मग जबड्याखाली चिरा देऊन पू वाहता केला, इंजेक्शनं सुरू केली आणि दाढ काढली.

ही गोष्ट नववीच्या वर्गात निघाली, तेव्हा एका मुलाने विचारलं, "सर, गळा कापला तर माणूस मरतो ना?"

मी भाषा शिकवतो, विज्ञान नाही. पण हा प्रश्न मला माहीत होता. हजार वर्षांपूर्वी अंदलुसमध्ये, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमध्ये, एका हकीमालाही तो पडला होता.

अबुल कासिम अल-झहरावी यांचा जन्म 936 च्या सुमारास कुर्तुबा (कॉर्डोबा) शहराजवळ झाला. त्यांच्या 'किताब अल-तसरीफ' या ग्रंथाचे 30 भाग आहेत आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात दातांवरचं कीटण खरवडण्याच्या हत्यारांची चित्रं आहेत. दात उपटण्याआधी दुखरा दात कोणता याची नीट खात्री करा, असं ते बजावतात. कारण वेदना फसवते, आणि अडाणी न्हावी चांगलाच दात उपटून बसतात.

श्वासनलिकेला छेद देण्याची माहिती त्यांनी जुन्या ग्रीक वैद्यांकडून घेतली आणि तसं सांगितलंही. आपल्या मुलखात हे करताना कुणाला पाहिलं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. मग स्वतः पाहिलेली हकीकत दिली. एका दासीने स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरवली होती. झहरावींना बोलावलं, तेव्हा जखमेतून हवा येत होती, पण मोठी रक्तवाहिनी शाबूत होती. त्यांनी जखम शिवली. मुलगी बरी झाली, आवाज तेवढा घोगरा राहिला. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की श्वासनलिकेला दिलेला छेद जीवघेणा नसतो.

पुढे बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न झुहर यांनी हीच गोष्ट बकरीवर करून पाहिली. श्वासनलिकेला छेद दिला, जखम मध-पाण्याने धूत राहिले, आणि बकरी जगली.

चाचांच्या आजाराला मात्र नाव मिळालं ते फार नंतर. 1836 मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरातले डॉक्टर विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी अशा 5 रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांच्या नावाने हा आजार 'लुडविग्ज अँजायना' म्हणून ओळखला जातो. इथल्या अँजायनाचा हृदयाशी संबंध नाही. त्या लॅटिन शब्दाच्या मुळाशी गळा आवळण्याचा अर्थ आहे.

हे दाढेपासून का होतं? जिभेखाली जबड्याच्या आतून एक स्नायू पडद्यासारखा ताणलेला असतो. खालच्या शेवटच्या दाढांची मुळं बहुधा त्या पडद्याच्याही खाली पोचतात. त्यामुळे तिथला जंतुसंसर्ग तोंडात न फुटता थेट गळ्याच्या बाजूला उतरतो. सूज जिभेला वर आणि मागे ढकलते आणि श्वासाची वाट बंद होते. प्रतिजैविकं येण्यापूर्वी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. 1940 च्या दशकात पेनिसिलिन हाती आलं आणि चित्र पालटलं. पण उपचारांचा क्रम तोच राहिला: आधी श्वास, मग औषध, गरज असेल तिथे चिरा, आणि मूळ दाढेचा बंदोबस्त. औषधाने सूज उतरली तरी किडलेली दाढ तशीच ठेवली, तर दुखणं परत येऊ शकतं.

आपल्या जलशांतून झहरावींचं नाव मोठ्या अभिमानाने घेतलं जातं. मीही घेतो. पण अभिमान मिरवणारे आपण दाढ दुखली की तंबाखूची मिश्री लावतो, आणि गालाला रुमाल बांधून कामावर जातो. मिस्वाकची फजिलत आपल्याला तोंडपाठ असते, दातांच्या डॉक्टरचा पत्ता मात्र ठाऊक नसतो. याला गरिबी कारण आहे, भीतीही आहे. पण दाढ काढायला जो खर्च आला असता, त्याच्या कितीतरी पट चाचांच्या घरच्यांनी कर्ज काढलं.

जबड्याखाली सूज, तोंड न उघडणं, गिळता न येणं, आवाज बदलणं, श्वासाला त्रास: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. थेट मोठ्या दवाखान्यात जा.

वर्गात मी शेवटी विचारलं, "कुणाची दाढ दुखते?" आधी कुणीच हात वर केला नाही. मग एक हात आला, मग सात. त्या दिवशी धडा पुढे सरकला नाही. सातही घरी चिठ्ठी धाडली.