रायनोफायमावरील शस्त्रक्रिया

रोझेशिया या चेहऱ्याच्या जुनाट दाहक विकारात नाकाची त्वचा जाड, गाठाळ आणि खडबडीत झाली, तर वाढलेला थर तासून नाकाला पूर्वीचा आकार देण्याची शस्त्रक्रिया. नाक असे सुजट, फुगीर होण्याला रायनोफायमा म्हणतात. हे नाव ऑस्ट्रियन त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी 1845 मध्ये रूढ केले. विकार मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात दोमेनिको गिर्लांदायो या चित्रकाराचे सुमारे 1490 मधील एक चित्र आहे. त्यात नातवाला जवळ घेतलेल्या आजोबांचे नाक याच विकाराने गाठाळलेले दिसते.

नाकाच्या शेंड्यावर आणि पाळ्यांवर तैलग्रंथी दाट असतात. रोझेशियात रक्तवाहिन्या वारंवार फुलतात, दाह टिकून राहतो, ग्रंथी मोठ्या होतात आणि त्यांच्याभोवती तंतुमय ऊतक साचत जाते. रंध्रे रुंदावतात, त्यांतून पिवळसर तेलकट द्रव्य दाबताच बाहेर येते. हाडाला आणि कूर्चेला सहसा धक्का लागत नाही, आणि शस्त्रक्रिया शक्य होते ती त्यामुळेच. रुग्ण बहुतेक पन्नाशी ओलांडलेले पुरुष असतात. रोझेशिया स्त्रियांतही भरपूर आढळतो, पण नाक असे वाढणे त्यांच्यात क्वचितच घडते. दारूमुळे चेहऱ्याची लाली तात्पुरती वाढते. पण दारू हे या विकाराचे कारण नव्हे. आयुष्यात थेंबही न घेतलेल्यांना तो होतो, आणि नाकाकडे पाहून माणसाची परीक्षा करणाऱ्यांमुळे होणारा मनस्ताप त्यांना फुकट सोसावा लागतो.

सावळ्या त्वचेत रायनोफायमा कमी आढळतो. पण त्या कमीपणात निदान हुकण्याचाही वाटा आहे. गोऱ्या गालावरची लाली चटकन दिसते. सावळ्या गालावर जळजळ, ऊब आणि बारीक पुटकुळ्या एवढेच जाणवते. मग ते मुरूम समजून औषधाच्या दुकानातून परस्पर मलम आणले जाते. त्या मलमात स्टेरॉइड असले की चार दिवस चेहरा उजळतो, आणि मलम सोडताच दुप्पट पेटतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या प्रकाराविरुद्ध बरीच वर्षे मोहीम चालवली. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. दुकानातले चित्र त्या प्रमाणात बदलले आहे, असे म्हणवत नाही.

बेंगळुरू ग्रामीण जिल्ह्यातील होसकोटे हे ठिकाण या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. पठारावरचे, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपासचे हे गाव. हवा सुखद, पण ऊन कडक. तालुक्यात भाजीपाला, फुले आणि द्राक्षे पिकतात, म्हणजे उघड्यावरचे काम भरपूर. ऊन हे रोझेशिया भडकवणारे मोठे कारण, आणि गरम मसालेदार जेवण हेही एक. होसकोट्याची दम बिर्याणी तर इतकी प्रसिद्ध की रविवारी पहाटे अंधारातच रांगा लागतात. बिर्याणीने रायनोफायमा होत नाही. पण ज्याचा चेहरा आधीच तापतो त्याला ती वाफाळती थाळी सोसत नाही. तपासणीसाठी दर वेळी शहर गाठावे लागते असे नाही. गावातच एमव्हीजे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे.

नाकावरची प्रत्येक गाठ रायनोफायमा नसते. आपल्याकडे कुष्ठरोगाच्या गाठी, त्वचेचा क्षय आणि बेसल सेल कर्करोग यांचा विचार आधी करावा लागतो. संवेदना कमी झाली आहे का, व्रण भरत नाही का, वाढ एकाच बाजूला आहे का, हे पाहतात आणि शंका आल्यास तुकडा काढून तपासतात. जाड त्वचेच्या आड कर्करोग दडून राहिल्याची उदाहरणे आहेत. म्हणून तासलेली त्वचा टाकून न देता तीही सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात.

डॉक्सिसायक्लीन, मेट्रोनिडॅझोल किंवा आयव्हरमेक्टिन यांनी दाह आटोक्यात येतो. आयसोट्रेटिनॉइनने सुरुवातीच्या अवस्थेत ग्रंथी काहीशा आक्रसतात. एकदा तंतुमय ऊतक घट्ट झाले की गोळ्या-मलमांनी आकार परत येत नाही.

शस्त्रक्रिया बहुधा नाकाभोवतालच्या चेता बधिर करून होते; वाढ मोठी असल्यास पूर्ण भूल देतात. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून बधिरीकरणाच्या औषधात अॅड्रिनॅलिन मिसळतात. शल्यविशारद एक बोट नाकपुडीत ठेवून त्वचेची जाडी अजमावतो आणि वरून पातळ थर उतरवत जातो. पाते, तापवलेली सुरी, विद्युत्-तारेचे वेटोळे, हिऱ्याची कणी लावलेले फिरते चाक, लेसर यांपैकी काहीही चालते. बरेच जण दोन साधने मिळून वापरतात. साधनापेक्षा महत्त्वाचे आहे ते कुठे थांबायचे हे ओळखणे. तैलग्रंथी आणि केशमूळ यांचे खोलवरचे भाग शिल्लक ठेवलेच पाहिजेत, कारण नवी त्वचा त्यांच्यातूनच उगवून पसरते. दाबल्यावर रंध्रांतून तेलकट द्रव्य अजून येत असेल तर खाली ग्रंथी शाबूत आहेत असे समजतात. त्याखाली गेल्यास जखम भरते, पण व्रण राहतो आणि नाकपुडीची कड वर ओढली जाते. कूर्चा उघडी पडली तर त्वचारोपणाखेरीज गत्यंतर नाही. म्हणून अनुभवी शल्यविशारद थोडे कमीच काढतो. राहिलेले पुढे पुन्हा तासता येते, जास्त काढलेले परत आणता येत नाही.

लेसरच्या बाबतीत एक मराठी मुलखातला धागा आहे. या कामासाठी वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेसर 1964 मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये चंद्रकुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म 1938 मध्ये बारामतीचा, आणि अभियांत्रिकीची पदवी पुण्याची. या लेसरच्या 10.6 मायक्रोमीटर लांबीच्या लहरी पेशींतील पाणी शोषून घेते, ऊतक वाफ होऊन उडते आणि बारीक रक्तवाहिन्या तिथल्या तिथे मिटतात. रक्त कमी गेल्याने शल्यविशारदाला खोली नीट दिसते. पात्याचे काम स्वस्त आणि झटपट, पण रक्त जास्त; अंतिम आकारात दोहोंमध्ये फार फरक पडत नाही.

पुण्याची जगप्रसिद्ध नासाशस्त्रक्रिया रायनोफायमाच्या शस्त्रक्रियेच्या नेमकी उलट होती. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या मराठा गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतील कारागिराने कपाळाच्या त्वचेतून नवे नाक बसवून दिले. 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ती हकीकत छापली. तिथे त्वचा आणून लावायची होती, इथे असलेली उतरवायची आहे.

उघडा पृष्ठभाग मलम व ओलसर पट्टीखाली ठेवतात. दोन ते तीन आठवड्यांत नवी त्वचा येते, लाली काही महिने टिकते. सावळ्या त्वचेवर काळसर किंवा फिकट डाग पडण्याचा धोका अधिक, म्हणून उन्हापासूनचे रक्षण कसोशीने करावे लागते. आयसोट्रेटिनॉइन चालू असल्यास सहा महिने थांबायचे अशी जुनी प्रथा होती. 2017 मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी तिला पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले, तरी फिरत्या चाकाने खोल घासण्याबाबत सावधगिरी कायम ठेवली. रोझेशिया मात्र शस्त्रक्रियेने जात नाही. औषधे सोडली तर नाक काही वर्षांनी पुन्हा जाड होऊ शकते.

जड झालेल्या पाळ्यांनी नाकपुड्या दबून श्वासाला अडथळा येत असेल, तर ही शस्त्रक्रिया केवळ सौंदर्यासाठी राहत नाही. भारतातील आरोग्यविमा सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च देत नाही, परंतु वैद्यकीय गरज डॉक्टरांनी प्रमाणित केल्यास तो वगळण्याचा नियम लागू होईलच असे नाही. श्वासाचा अडथळा असल्यास त्याची नोंद शस्त्रक्रियेपूर्वीच केसपेपरवर करून घ्यावी आणि नाकाची छायाचित्रे जोडावीत.